फलकावरचं कुटुंब

सोसायटीच्या फाटकाशी टेबल मांडून आमचे शेजारी, निवृत्त मास्तर, सह्या गोळा करत होते. मागे मोठा फलक होता: ‘कुटुंब वाचवा’. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या लग्नाला कायद्याने मान्यता देऊ नये, ही मागणी अर्जात अगदी खाली, बारीक अक्षरांत होती. मास्तर ती वाचून दाखवत नव्हते. ते एवढंच विचारत, “कुटुंब टिकायला हवं ना?” याला नाही कोण म्हणेल? मीसुद्धा पेन उचललं होतं.

हुशारी असते ती इथेच. ‘अमक्यांचं लग्न नको’ म्हटलं की लोक विचारतात, का बुवा? पण घर, आई, मुलंबाळं हे शब्द पुढे केले की माणूस चष्मा न शोधताच सही करतो. स्वतःच्या घराची काळजी लावून दिली, की शेजारचं दार दिसेनासं होतं.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या शैलाताई आणि कुमुदताई मंडईतून आल्या. बावीस वर्षं दोघींचा एकच संसार. जड पिशवीचा एकेक बंद दोघींच्या हातात होता. दिवाळीत यांच्या फराळाचं ताट सगळ्यांत आधी मास्तरांकडे जातं.

कुमुदताईंनी पिशवी टेकवली, चष्मा लावला आणि अर्ज तळापर्यंत वाचला.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “यात आमचं घर वाचवायचंय, की आमच्यापासून वाचवायचंय?”

मास्तर उत्तरासाठी मागे वळून फलकाकडे बघू लागले. मी पेनाला टोपण लावलं.