मध्ये जागा सोडलेला समुद्र

हैदराबादला समुद्र नाही, पण सुलतान बाजारातल्या आमच्या स्टुडिओत तो होता. दुकानाच्या मागच्या खोलीत, कापडाच्या पडद्यावर रंगवलेला. सासऱ्यांच्या काळात सिनेमाची मोठाली पोस्टरं रंगवणाऱ्या एका पेंटरने तो काढून दिला होता. डावीकडे नारळ, उजवीकडे जिन्याचा कठडा, वर चंद्र आणि खाली पाण्यात चक्क एक हंस. समुद्रात हंस कसा, असं मी नवी सून असताना विचारलं, तर सासरे म्हणाले, "गिऱ्हाईक विचारतं का? मग तू कशाला विचारतेस?" त्यानंतर मी हंसाबद्दल बोलले नाही, पण फोटो काढताना त्याच्यापुढे नेहमी कुणाला तरी बसवत आले.

ती मागची खोली माझी. पुढे काउंटर आणि काउंटरवर नवरा. मागे दाराला जाड पडदा लावलेली खोली, जिथे फक्त बायकांचे फोटो निघायचे आणि तेही फक्त माझ्या हातून. नदीपलीकडच्या, गोषा पाळणाऱ्या घरांतल्या बायका अफझलगंजवरून रिक्षाने आमच्याकडे येत. फोटो मी काढते, रोल मी धुते, प्रिंट मी करते आणि निगेटिव्ह त्यांच्याच हातात देते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा चेहरा आमच्या शोकेसमध्ये लागणार नव्हता, माझ्या नवऱ्याच्याही नजरेस पडणार नव्हता. रंगीत रोल आले तेव्हा तेही घरी धुवायला मी शिकून घेतलं, ते बायकांना दिलेल्या याच शब्दापायी. मला या खोलीचा गर्व होता. का नसावा?

मग दिवस पालटले. बाजारात परदेशी माल दिसू लागला, गच्च्यांवर केबलच्या वायरी लोंबू लागल्या, आणि आखातातून सुट्टीवर येणारा प्रत्येक भाऊ एक छोटा कॅमेरा घेऊन येऊ लागला. माझ्या बायका कमी झाल्या. ज्या येत, त्यांच्या मुली हंसाकडे बघून बुरख्यातल्या बुरख्यात हसत. आणि नवऱ्याच्या डोक्यात मशीन शिरलं. तासाभरात रंगीत फोटो हातात देणारं मशीन. शहरात एक-दोन जणांनी घेतलंच होतं, त्यांच्या दुकानापुढे रांगा लागत.

मशीन घ्यायला माझी ना नव्हती. पण आमचं दुकान म्हणजे लांबट बोळ. मशीन एक तर पुढे काउंटरच्या जागी मावणार, नाही तर मागे माझ्या खोलीत. काउंटर हलवायचं नावही काढायची सोय नव्हती. ती सासऱ्यांची बसायची जागा, आणि त्यांच्यामागे नवऱ्याची. त्या खुर्चीत बसल्याशिवाय त्याला आपण मालक आहोत असं वाटतच नसे. म्हणजे गदा माझ्या खोलीवर.

"मग माझ्या बायकांनी जायचं कुठे?" मी विचारलं.

"आता घरोघरी कॅमेरे आहेत की गं."

"आणि ते रोल धुवायला कुणाकडे येणार? तुमच्याकडेच ना? मग बघा तुम्ही सगळ्यांचे चेहरे."

तरीही तो मनातून हलला नाही. आमच्या काचीगुड्याच्या घरात पुढचे कित्येक दिवस जेवताना फक्त ताटवाट्यांचा आवाज होता.

त्याच सुमारास रोल बनवणाऱ्या एका कंपनीने चांगला खप करणाऱ्या दुकानदारांना जोडीने मॉरिशसला न्यायचं ठरवलं. आमचा नंबर लागला. पासपोर्ट हातात पडला त्या दिवशी मी नवऱ्याला स्पष्टच सांगितलं. "तिथून मी खरा समुद्र काढून आणते. अख्ख्या भिंतीएवढा मोठा करून खोलीत लावते. रमजान ईदपर्यंत खोली पुन्हा भरली नाही, तर आणा तुमचं मशीन. मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही." तो हसला आणि कबूल झाला. मी अवाक्षर काढणार नाही यावर त्याचा विश्वास नव्हता, पण आपण जिंकणार यावर होता.

मॉरिशसला पोचल्यावर कंपनीच्या बसमधून सगळ्यांबरोबर दोन दिवस फिरलो आणि मी ओळखलं, हे आपल्या कामाचं नाही. बस थांबली की सगळे दुकानदार पाण्यात धावत आणि मला समुद्राऐवजी पन्नाशीच्या पुरुषांच्या उघड्या पाठी दिसत. म्हणून हॉटेलात सांगून एका पहाटेसाठी मी वेगळी गाडी ठरवली. फोटोची हौस असणाऱ्यांना हॉटेलवाले बेटावरची प्रसिद्ध ठिकाणं उजाडायच्या आत दाखवत असत. नवरा कुरकुरला, पण बायकोला अंधारात परक्या गाडीतून एकटी सोडणं त्याला जमेना. कपाळापर्यंत मफलर गुंडाळून तो मागच्या सीटवर येऊन बसला. त्या उकाड्यात मफलर!

ड्रायव्हर चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा. आमचं कुजबुजतं भांडण थोडा वेळ ऐकून तो एकदम म्हणाला, "वहिनी, आपण मराठी आहात? मी पण मराठी आहे."

माझा विश्वास बसेना. त्याच्या आजोबांचे वडील रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात कामाला आले होते. घरात बोलायची बेटावरची क्रिओल बोली, पण मराठी तो संध्याकाळच्या शाळेत शिकला होता आणि गणपतीच्या आरत्या त्याला तोंडपाठ होत्या. प्रत्येक शब्द तो पुस्तकातून उचलून ठेवल्यासारखा बोलत होता. माझं मराठी ऐकून त्याचाही गोंधळ उडाला. "हौ" म्हणजे होय, "नक्को" म्हणजे नको, हे त्याला सांगावं लागलं. पुण्याची आमची नणंद माझ्या बोलण्याला नेहमी नाक मुरडते. तिला त्या गाडीत बसवायला हवं होतं. आम्हा दोघांचं काहीही अडलं नाही.

अडलं ते दुसरीकडेच. त्याने पहिल्यांदा गाडी थांबवली ती पूर्वेच्या किनाऱ्यावर. अंधार नुकता विरळ होत होता. "इथे सूर्य येतो," तो अभिमानाने म्हणाला. "सगळे इथे फोटो घेतात."

"मला सूर्य नको."

"सूर्य नको?"

त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने हात टेकल्याची खूण केली. पण माझं म्हणणं साधं होतं. माझ्या खोलीत दिवे समोरून लागतात. पाठीमागच्या चित्रात सूर्य असला, तर उजेड एकीकडून आणि चेहरा दुसरीकडून, असं सोंग होईल. मला हवा होता सूर्य यायच्या आधीचा उजेड, ज्यात कशाचीच सावली पडत नाही. शिवाय तिथे सगळी सुरूची झाडं. मला डाव्या बाजूला एक नारळ हवा होता, उजव्या बाजूला काहीतरी वजनदार आणि मधे काही नको.

"मधे काही नको?" बिचाऱ्याने पुन्हा विचारलं. "मग फोटो कशाचा?"

तो पुढे मला डोंगर, धबधबा, रंगीत मातीच्या टेकड्या, पवित्र तलाव असं सगळं दाखवणार होता. मी म्हटलं, ते बघू नंतर, आता उजेड पळतोय. आपल्या यादीतली ठिकाणं कुणी अशी नाकारलेली त्याने पाहिली नसावीत. थोडा वेळ तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला. मग गाडी वळवली आणि उसाच्या शेतांमधून, एका झोपलेल्या गावातून, थेट पाण्यापाशी आणली. "हे माझं गाव. इथे कोणी पाहुणा येत नाही. इथे बघण्याचं काही नाही."

तेच हवं होतं मला! पाणी हललंही नव्हतं. डावीकडे एक वाकडा नारळ, उजवीकडे वाळूवर ओढून ठेवलेली होडी आणि दोन्हींच्या मधे निवांत, फिकट निळं, लांबच लांब पाणी. आयुष्यभर रंगवलेल्या समुद्रापुढे काम करून मी खऱ्याला थोडी घाबरूनच होते. त्याला पाहिल्यावर भीती गेली. याला कुठून धरायचं हे मला ठाऊक होतं.

मोठ्या निगेटिव्हचा माझा कॅमेरा स्टँडवर चढवला आणि स्टँडचे पाय आखडून अगदी बुटका केला. पाणी आणि आभाळ मिळतात ती कड माणसाच्या गळ्यावरून गेली की फोटोत गळा कापल्यासारखा दिसतो. ती कंबरेच्या जरा वर हवी. त्यासाठी मी साडी खोचून ओल्या वाळूत गुडघे टेकले. मग नवऱ्याला मधे उभं केलं.

"मला कशाला?"

"तुमची उंची माझ्या गिऱ्हाइकांएवढी आहे."

ड्रायव्हर खो खो हसला. नवरा मफलर सावरत उभा राहिला, मग सांगितलं तसा कॅमेऱ्याच्या पेटीवर बसला, मान वळवली, हात मांडीवर ठेवले. त्याच्यावर सगळं जुळवून घेतलं आणि म्हटलं, "आता पेटी घेऊन बाजूला व्हा." तो बाजूला झाला आणि मी बटण दाबलं. पुन्हा बोलावलं, पुन्हा हटवलं, पुन्हा दाबलं. रोल संपेपर्यंत हेच.

मग सूर्य आला. पाण्यावर लाल पट्टा पसरला, होडीची सावली लांब झाली, ड्रायव्हरने "वहिनी, आता!" म्हणून हात उंचावला, आणि मी कॅमेऱ्याला झाकण लावलं. माझं काम झालं होतं. नवरा मात्र तिथेच उभा होता, पाठमोरा. मफलर गळ्यात आला होता. मी हाक मारली तरी त्याला ऐकू गेलं नाही. शेवटी मीही त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही. त्या आठवड्यात आम्ही भांडलो नाही असा तेवढाच वेळ. नंतर डोंगर आणि धबधबे पाहिले. छान होते.

घरी आल्यावर पहिली प्रिंट काढून दाखवली. नवऱ्याने ती उलटीसुलटी केली. "यात तर काहीच नाही."

"माणूस यायचाय अजून," मी म्हटलं.

मुंबईहून मोठ्या पट्ट्या करून आणवल्या आणि खोलीच्या भिंतीवर जोडाला जोड लावून चिकटवल्या. हंसाचं कापड गुंडाळून माळ्यावर टाकलं. आता गिऱ्हाइकाची वाट. पहिले काही दिवस कुणीच आलं नाही. चेहरा ताठ ठेवून मी रोज लवकर दुकानात जात होते, पण दाराचा पडदा जरा हलला की उठून बघत होते, खोटं कशाला बोलू. ईद जवळ येत होती. नवरा समजूतदारपणे म्हणाला, "मशीनसाठी खोलीची नुसती मापं घेऊन ठेवायला काय जातंय?" आणि त्याने सुताराला बोलावलं.

सुतार आला त्याच सकाळी माझी एक जुनी बाई आली. तिच्या लग्नानंतरचा फोटो मीच काढला होता. तिचा नवरा जेद्दाला कामाला, येऊन बरीच वर्षं झालेली. त्याला पाठवायला ईदचा फोटो हवा होता. घरी दिराचा कॅमेरा होता, पण ती म्हणाली, "उनों के वास्ते का फोटो देवर से कैसा निकलवाना आपा, बोलो?"

सुताराला टेप घेऊन पडद्याबाहेर थांबवलं. आत मी दिवे लावले. तिने बुरखा काढून खुंटीवर ठेवला, केस नीट केले, वळली आणि थबकली.

"अगे माँ! इत्ता पानी? किधर का है आपा?"

"दूर का है. मैं खुद जाके लाई."

"तुम खुद?"

"हौ."

मी तिला स्टुलाकडे बोट दाखवलं. ती बसली नाही. कॅमेऱ्याकडे पाठ करून ती भिंतीजवळ गेली. नारळाकडे तिचं लक्ष नव्हतं, होडीकडेही नव्हतं. मी जी जागा तिच्यासाठी मोकळी ठेवली होती, बरोबर तिथे ती बघत होती. मग तिने तळहात पाण्यावर ठेवला.

"उनों इसीच के उधर हैं ना?"

जेद्दाचा समुद्र वेगळा, हा वेगळा, एवढं मला माहीत होतं. मी म्हटलं, "हौ, इसीच के उधर."

"तो जरा रुको आपा. पैले देख लेती."

मी दिवे तसेच राहू दिले आणि हात खाली घेतले. इतक्या वर्षांत माझ्यापुढे पाठ करून कुणी उभं राहिलं नव्हतं. हंसाच्या समुद्राकडे कुणी एकदा तरी असं वळून बघत राहिलं होतं का? माझे डोळे भरून आले आणि मी ते पदराने पुसले. माझ्या खोलीत मला बघायला कोण होतं?

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. "अगं, झालं का? सुतार खोळंबलाय."

"थांबा," मी आतूनच म्हटलं. "गिऱ्हाईक समुद्र बघतंय."

पडद्यापलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला, आणि नवरा सुताराला म्हणाला, "छोड़ो, अंदर नक्को. ये काउंटर का नाप लेव."