न मारणारं कार्ड

बाळांनो, आज चष्म्याचं जुनं घर उघडलं आणि आत तुमच्या खेळातलं नर्सचं कार्ड सापडलं, म्हणून लगेच लिहायला बसले. आठवतं, माझ्याकडे आला होतात त्या सुट्टीचा शेवटचा दिवस होता. बुधवार पेठेतून आणलेल्या कार्डांच्या कोऱ्या प्लॅस्टिकचा वास खोलीभर पसरला होता आणि धाकटी आपली नर्स देऊन दादाचा चकचकीत ड्रॅगन घ्यायला निघाली होती. "नर्स कुणाला मारतच नाही, काय उपयोग तिचा?" दादा म्हणाला. सुट्टीभर हरलेल्या धाकटीला निदान एक डाव जिंकून विमानात बसायचं होतं. मी भिंगातून नर्सच्या चित्राखालचा बारीक मजकूर वाचला: बाद झालेलं एक कार्ड परत हातात घ्या. "देऊ नकोस गं," मी म्हटलं. "रमीत अशी सोय असती, तर तुमच्या आजोबांना मी एकही डाव जिंकू दिला नसता." दादा ओरडला, "आजी, ही चीटिंग आहे!" "वाचून दाखवणं चीटिंग नसतं," मी म्हटलं. डावात तिचा लाडका घोडा बाद झाला, नर्सने तो परत आणला आणि त्यानेच ड्रॅगनला लोळवलं. निघताना ती कानात म्हणाली, "आजी, नर्स तुझ्याकडेच ठेव, नाहीतर दादा मागेल." नर्स अजून इथेच आहे, एक कोपरा तेवढा दुमडलाय.