काडीनं मोजलेला पाय

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. तीन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, गडचिरोलीतल्या एका चपला-बुटांच्या दुकानात. त्या वेळी ती तिथं नव्हती, घरी तापानं फणफणत खाटेवर पडली होती. बूट तिच्यासाठी घेतला जात होता आणि दुकानात तिच्या पायाच्या जागी झाडूची एक काडी होती.

आमचं गाव चामोर्शीकडचं, धानाचं. बहीण तेव्हा सहावीत होती. शाळा शेजारच्या गावात आणि वाट धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भाताच्या खाचरांतून, पावसाळाभर चिखल. तिला सिकलसेल आहे. आमच्या भागात या आजाराबद्दल कुणाला समजावून सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातला आजार आहे. अंग दुखतं, डोळे पिवळे पडतात, ताप येतो-जातो, आणि जखम झाली तर ती चिघळून हाडापर्यंत जायची भीती असते. त्या पावसाळ्यात गावातली आशा कार्यकर्ती आईला म्हणाली, "बाई, इले अनवाणी नको पाठवू. पायाले काटा बी लागू देऊ नको. बंद बूट घेऊन दे, चांगला."

म्हणजे बूट ही हौस नव्हती, तो औषधातच धरायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर भेटायला येणारे लोक पहिली गोष्ट हीच बोलले, की खेड्यातल्या पोरीला एवढा महागाचा बूट कायले पायजे होता.

आमच्याकडे पायाचं माप काडीनं जातं. पोराला खाटेवर बसवायचं, झाडूची काडी पायाखाली धरायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. वाढत्या अंगाचं पोर म्हणून वर एक बोट सोडायचं आणि तिथं काडी मोडायची. गावातून जो कोणी बाजाराला निघतो त्याच्याजवळ सगळे आपापल्या पोरांच्या काड्या देतात. कुणाच्या काडीला लाल दोरा, कुणाच्या काडीला गाठ. चामोर्शीच्या बाजारातला चपलावाला बाबांना लांबूनच हाक मारायचा, "या काडीवाले भाऊ, आज किती पाय आणले?"

चपलेला ही रीत चालून जाते. चप्पल उघडी असते, बोटं बाहेर आली तर आली, कमीजास्त झालं तर पाय आपली जागा करून घेतो. म्हणून कुणाला कधी शंकाच आली नाही. बंद बूट मात्र आमच्या घरात तोवर कुणी घेतलेलाच नव्हता.

आई बाबांना म्हणाली, "यंदा बाजारातला नोको. गडचिरोलीवरून आणा. सगळ्यात चांगला असंन तो." बाबांनी काडी शर्टाच्या खिशात घातली. पोरीला सोबत न्यायचा विषय निघालाच नाही असं नाही. निघाला. "तापात पोरीले कायले बसचे धक्के," असं बाबा म्हणाले, आणि त्यात मायाच होती.

त्या दुकानात भिंतीला पाय मोजायची लोखंडी पट्टी टांगलेली होती. खाली टाच टेकवायची, पुढून अंगठ्याला आडवा तुकडा सरकवून लावायचा, बाजूनं रुंदी बघायची, अशी ती असते. दुकानदारानं ती उतरवली आणि त्यावर काडी ठेवली. तुकडा काडीच्या टोकाला सरकवला आणि नंबर काढला. बाबा घरी येऊन कौतुकानं सांगत होते, "मशीनवर मोजला. असातसा नाई."

मी तेव्हा चंद्रपूरला शिकत होते आणि एका गटासोबत गावोगाव आरोग्याची पत्रकं वाटत, सभा घेत फिरायची. पोळ्याच्या दिवशी घरी पोचले तर आमच्या अंगणात बैलांपेक्षा जास्त गर्दी बुटाला होती. बहीण खाटेवर बसलेली, पायात काळा चकचकीत बूट. शेजारची काकू म्हणाली, "आज बैलाचा पोळा नाई बापा, इच्या बुटाचा पोळा हाये." सगळे हसले. बाबा जमिनीवर बसून बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून बघत होते. "पुढं जागा हाये. दोन वर्स चालते." मग काकूनं दाबून बघितलं. मग काकांनी. जो येईल तो टोक दाबायचा आणि मान डोलवायचा. बाजूनं कुणी दाबलं नाही.

"लागते का वं?" बाबांनी विचारलं.

"नाई," ती म्हणाली.

बांध्यांत वाढलेल्या पोराचा पाय कधी नीट बघितलाय का? पुढून पसरट असतो. चिखलात पाय रोवायचा तर बोटं फाकावी लागतात, आणि लहानपणापासून फाकून ती तशीच राहतात. तो बूट पुढून निमुळता होता. लांबी काडीपुरती बरोबर होती, वर सोडलेल्या बोटाच्या जागी आईनं चिंधी कोंबली होती. रुंदी काडीत नव्हतीच. शिवाय माप घेतलं ते बसलेल्या पोरीचं. उभं राहिलं की अंगाचं वजन येऊन पाय आणखी पसरतो, हे मला आता माहीत आहे. त्या पट्टीच्या मालकाला ते तेव्हाही माहीत होतं.

पुढचं मला फोनवर तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. आई म्हणायची, "पाय दुखते म्हणते." मी विचारायची, कुठं? "ते तं तिचं नेहमीचंच हाये, अंगभर दुखते." सिकलसेलच्या पोराचं दुखणं असं सरसकट होऊन जातं. काही दुखलं की त्या आजाराच्या नावावर जातं, वेगळं बघायला कुणी जात नाही. ती लंगडायला लागली तेही त्याच्याच नावावर गेलं. मोजे ती स्वतः धुवायला लागली तर आईला वाटलं पोरगी शहाणी झाली.

दसऱ्याच्या आसपास ताप उतरेना. ती ग्लानीत होती म्हणून आईनं मोजा काढायला घेतला. तो निघाला नाही. करंगळीच्या बाजूला कातड्याला चिकटला होता. पाण्यानं भिजवून काढला तेव्हा आत काय होतं ते आई अजून कुणाला नीट सांगत नाही.

आधी चामोर्शी, मग गडचिरोली. डॉक्टरांनी बाबांना एक्स-रेचा फोटो दाखवला, पू हाडात गेला होता. ते चांगले बोलले, घाई केली नाही, पण बोलले तेच. उजव्या पायाची करंगळी काढावी लागली.

मी तिच्याजवळ राहिले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "ताई, बूट कुठी हाये?"

"तुले कायले पायजे आता बूट?"

"बाबा रोज पुसून ठेवते ना तो. म्हून विचारलं."

"लागत होता तं सांगितलं काऊन नाई?"

छताकडे बघत ती म्हणाली, "पयल्या दिवशी नाई म्हनलं ना मी. सारं गाव पाहून गेलं. मंग कसं सांगू? चप्पल असती तं फेकून देली असती."

माझ्या रागाचं मूळ ते वाक्य आहे. स्वस्तातली चप्पल तिनं फेकली असती आणि कुणी काही बोललं नसतं. महाग होता म्हणून तो बूट तिच्या पायात राहिला. महागाचा, मशीनवर मोजलेला, बापानं पुसलेला, गावानं बघितलेला. त्याच्यापुढं एका पोरीची करंगळी तोंड उघडणार कशी?

ती घरी आल्यावर मी बूट पिशवीत घालून त्या दुकानात गेले.

दुकानदारानं पिशवीत डोकावून बघितलं. "वापरलेला माल वापस होत नाई, बाई."

"वापस करायला नाही आले. पट्टीवर काय मोजलं होतं तुम्ही?"

त्यानं जरा आठवलं. "काडीवाले भाऊ का? हाव. काडी मोजली."

"आणि पाय?"

"पाय कुठी होता? त्याईनं काडी देली, मी काडीले बूट देला."

"पोरीला घेऊन या म्हणायचं होतं."

"म्हनतो ना. म्हनलं का भाऊ बरं म्हनते अन् बाजूच्या दुकानात जाते. तो देते. मंग मी काऊन बसून राहू?"

मी त्याला करंगळीचं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, हे खोटं नाही. पण पट्टी परत त्याच खिळ्याला टांगलेली होती. मी म्हटलं, काडीच मोजायची असेल तर ती पट्टी काढून टाका, लोक तिच्याकडे बघून विश्वास ठेवतात. बाजूला सँडल घालून बघणारी एक बाई हसली. तो म्हणाला, "तुमी ते कागद छापून वाटता, त्यातल्याच ना? छापा. फक्त दुकानाचं नाव नका टाकू."

छापलं. नाव टाकलं नाही. एका दुकानाचं नाव टाकलं की बाकीची सगळी सुटतात.

तेव्हापासून गावागावांत बायका मला विचारतात, पोरासाठी महागाचा बूट घ्यावा का, परवडते का. दोन तऱ्हेच्या लोकांवर माझं डोकं फिरतं. एक म्हणतात, आम्ही अनवाणीच वाढलो, काय झालं आम्हाला? ज्यांना झालं ते सभेत बोलायला येत नाहीत. दुसरे म्हणतात, सगळ्यात महाग घेऊन दिला, आता आपलं काम संपलं. आमच्या घरी तेच झालं होतं.

बहिणीनं त्यानंतर वर्षभराहून जास्त पायात काही घातलं नाही. बूट बघितला की अंग चोरायची. त्या आजारात, तो पाय घेऊन, बांध्यांतून अनवाणी. रागावून झालं, समजावून झालं. आई तर नुसती तिच्या पावलांकडे बघत बसायची. आणखी एक काटा आणि बाकीचा पाय जाईल, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, तिलाही.

मागच्या दिवाळीत मी तिला चंद्रपूरला नेलं. बाबा सोबत आले, पण दुकानाबाहेर पायरीवरच बसले, आत यायला तयार होईनात. आतल्या बाईनं तिला दोन्ही पायांवर उभं केलं. दोन्ही पाय वेगळे मोजले, लांबीही आणि रुंदीही. आता उजवा आणि डावा जुळत नव्हते, नंबरच वेगळे निघाले. दोन जोड घ्यावे लागले, एकातला उजवा आणि दुसऱ्यातला डावा. पहिल्या बुटापेक्षा पुष्कळ महाग पडले. ती दुकानात या टोकाहून त्या टोकाला चालली, परत आली, आणि म्हणाली, "इथी लागते."

कुणी कपाळाला आठी घातली नाही. दुसरा आणला. तोही लागला, तिसरा आणला.

पैसे ह्याचे असतात. "इथी लागते" म्हणता येण्याचे, आणि ते ऐकून कुणी तरी उठून दुसरा आणण्याचे. तेवढं मिळत असेल तर महाग बूट घ्यावा, दुसरं काही थांबवून घ्यावा. मिळत नसेल तर तुम्ही खोक्याचे पैसे देता.

ती आता बूट घालते. चालताना अजून बाहेरच्या बाजूनं झुकते. उरलेला डावा-उजवा न जुळणारा जोड घरात पडून आहे, तो कुणाच्याच पायाला होत नाही. बाबा रोज संध्याकाळी तिला मोजे काढायला लावतात आणि पाय हातात घेऊन बघतात, आणि ती आता नववीतली पोरगी लाजून पाय ओढून घेते. ते सोडत नाहीत.

तुम्हीही सोडू नका. आज तुमचं पोर शाळेतून आलं की त्याला समोर बसवा. बूट काढा, मोजा काढा, करंगळीच्या बाजूनं बोट फिरवा, टाच बघा. ते "नाई लागत" म्हणालं तरी बघा. लाल दिसलं तर तो बूट उद्या त्याच्या पायात जाता कामा नये, मग तो कितीचाही असो.