खाऱ्या टँकमधले मासे

आधीच सांगतो, इथले अनुभव वाचून गालात हसणाऱ्यांपैकी मी एक. कंपनीत मीटर आणि सेन्सर तपासायचं काम करतो. जे मोजता येत नाही त्याच्यावर वेळ घालवायचा नाही, हा स्वभावच. तरीही लिहितोय... कारण माझी बायको मेघना या विषयावर बोलत नाही आणि मला हे एकट्याला पेलवत नाही.

आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो, चौथा मजला. हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशेजारी आमचा खाऱ्या पाण्याचा टँक होता. समुद्री मासे, प्रवाळाचे खडक, वर घट्ट बसणारी जाळी. हौस मेघनाची. ऑफिसचं काम ती घरूनच करायची आणि दिवसभर मासे तिच्या नजरेसमोर असायचे.

उन्हाळ्यात मासे कमी व्हायला लागले. मरत नव्हते — नाहीसे होत होते. आधी निळे, मग पिवळा टँग. एवढा तळहाताएवढा मासा, पण ना सांगाडा, ना खवले. जमिनीवर नाही, फिल्टरमध्ये नाही. आत कुठे मेला असता तर पाणी बिघडायला हवं होतं. मी रोज टेस्ट करायचो, अमोनिया शून्य.

सुभानपुऱ्याचा माझा मित्र हितेश यातला जुना शौकीन. त्याचं म्हणणं, खडकाच्या भोकात एखादा खेकडा लपून आला असणार. ते मला पटलं. मी दिवसभर मोबाईल लावून शूटिंग केलं. त्यात एक मासा खडकामागे जाताना दिसतो... आणि बाहेर येतच नाही.

मग एका रविवारी, भर दुपारी, हितेश आला आणि आम्ही सगळे खडक काढून बादल्यांत ठेवले. एकेक भोक टॉर्चने बघितलं. हितेश शेवटी हात पुसत म्हणाला, "आमां कंई नथी, यार." यात काहीच नाही म्हणे. मग तो बादलीभर पाणी आणायला किचनमध्ये गेला.

टँकमध्ये आता फक्त वाळू आणि शेवटचा क्लाउनफिश. वाळू ढवळल्यामुळे पाणी दुधासारखं झालेलं. त्याला पकडायला मी स्टुलावर चढून उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. मेघना बाजूच्या काचेशी वाकून मासा कुठे आहे ते सांगत होती. मधेच ती काचेच्या आणखी जवळ सरकली.

"दोन्ही हात कशाला घातलेस आत?" तिने विचारलं.

माझा डावा हात टँकच्या कडेवर होता. तिने मान वर करून तो बघितला. मग पुन्हा काचेतून आत बघितलं... आणि अगदी हळू म्हणाली, "हात काढ. हलवू नकोस जास्त, पण काढ."

मी काढला. मला आत काहीच लागलं नव्हतं, शपथ. पण तिचा चेहरा बघून मी स्टुलावरून खाली उतरलो.

पाणी निवळायला बराच वेळ लागला. तोवर हितेशही किचनमधून परत आला होता. निवळलं तेव्हा तळाला वाळू होती, बाकी काही नाही. क्लाउनफिशही नव्हता.

मेघना त्याच संध्याकाळी पाणीगेटला माहेरी गेली. टँक घरात असेपर्यंत येणार नाही, एवढंच बोलली. काय दिसलं, हे मी खूपदा विचारलं. एकदाच म्हणाली, "तुझ्या हाताच्या मागेच होता. तू हलवलास की तोही हलायचा."

हितेशचा यावर विश्वास नव्हता. त्याने टँक, खडक, वाळू सगळं स्वतःच्या घरी नेलं. मेघना परत आली, हसायला-बोलायला लागली. मला वाटलं, संपलं.

परवा हितेशचा फोन आला. त्याच टँकमध्ये, त्याच खडकांत त्याने नवे मासे सोडलेत. कितीतरी महिने झाले, एकही गेलेला नाही. तो मजेत सांगत होता. म्हणजे जे काही होतं, ते टँकमध्ये नव्हतं.

हे मी मेघनाला सांगितलेलं नाही. टँकची जागा रिकामी झाल्यावर तिने तिथेच आपलं कामाचं टेबल लावलंय. दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून टाइप करत असते. मी मागे बसून तिचे हात मोजतो. याला काय म्हणायचं, मला खरंच माहीत नाही.