पाच माणसं, सहा चुली

मी खोपोलीच्या एका कारखान्यात भांडार विभागात काम करतो. कुठला माल आला, कुठला गेला, किती उरला हे पाहणं माझं काम, आणि त्यात मी फारसा कधी चुकलो नाही. गोंधळ सुरू झाला तो नवी संगणक पद्धत आली तेव्हा. साहेबांनी आम्हा जुन्या लोकांना बोलावून सांगितलं, की शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनच्या हॉलमध्ये प्रोग्रॅमिंग शिकवलं जाईल आणि शेवटी परीक्षा होईल. जे निभावतील ते नव्या पद्धतीवर इथंच राहतील. बाकीच्यांसाठी कंपनीच्या गुजरातमधल्या कारखान्यात जागा आहे. ते धमकीच्या सुरात बोलले नाहीत. जागा आहे हेच आमचं नशीब, असं त्यांचं म्हणणं. पण माझं घर कडावजवळ. आई थकलेली, मुलगी बारावीला, मुलगा तिच्या मागोमाग, शिवाय थोडी भातशेती. गुजरातला मला एकट्यालाच जावं लागलं असतं.

शिकवायला कर्जतहून एक तरुण मॅडम यायच्या. मी त्यांना मॅडम म्हणायचो, त्या मला काका. बेरजा, अटी, तेच तेच पुन्हा करायला लावणं, इथवर माझं बरं चाललं होतं. मग क्लास आले. क्लास म्हणजे एखाद्या प्रकारच्या गोष्टीचं वर्णन आणि त्या वर्णनाबरहुकूम केलेली एकेक गोष्ट म्हणजे ऑब्जेक्ट, असं मॅडमनी सांगितलं. तेही चाललं. त्यानंतर इनहेरिटन्स. एका क्लासवरून दुसरा केला, की पहिल्यात असलेलं सगळं दुसऱ्याला आपोआप मिळतं.

"मिळतं म्हणजे पहिल्याचं कमी होतं का?" मी विचारलं.

"नाही काका, पहिल्याचं तसंच राहतं."

"मग दोघांकडे एकेक प्रत असते?"

"प्रतही नाही. दुसऱ्याकडे नसलं की तो पहिल्याकडे बघतो."

म्हणजे आहे की नाही? भांडारात वस्तू एक तर असते किंवा नसते. मी मान हलवली, पण ते डोक्यात शिरलं नव्हतं.

परीक्षेसाठी प्रत्येकानं आपल्या माहितीतल्या विषयावर छोटा प्रोग्रॅम करायचा होता. मी गावातलं लग्नाचं आवतण घेतलं. आमच्याकडे आवतणाचे प्रकार असतात. घरटी एक असेल तर घरातलं एकच माणूस जेवायला जातं. चूलबंद असेल तर सगळं घर जातं आणि त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. किती पानं वाढायची ते यावरून ठरतं. हिशोबाचं काम आहे, म्हणून मला ते सोपं वाटलं.

आधी 'घर' हा क्लास केला. त्यात आळी लिहिली आणि चूल एक. मग 'माणूस' हा क्लास करायचा होता. आमच्या गावात माणूस घरावरूनच ओळखला जातो. मी कुठंही गेलो तरी आधी कोणाच्या घरचा ते विचारतात, मग बाकीचं. आळी घराची तीच माणसाची. ती पुन्हा कशाला लिहायची? म्हणून मी 'माणूस' हा 'घर'वरून केला. प्रोग्रॅम एकदाही न अडखळता चालला.

बघायला म्हणून मी आमचंच घर भरलं. आई, आम्ही दोघं, दोन मुलं. चुली किती, असं विचारल्यावर उत्तर आलं सहा.

मी बेरीज पुन्हा करून पाहिली, लिहिलेलं सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं. चूक कुठंच सापडेना. बायको तांदूळ निवडत बसली होती. तिला म्हटलं, "अगं, आपल्या घरात सहा चुली येतायत."

"एका चुलीनं माझा जीव घेतलाय, आता सहा? आनि माणसं तर पाच."

"पाच माणसांच्या पाच आणि घराची एक. मी माणूस घरावरून केलाय."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "म्हंजे तुमी घर हाय?"

"तसंच धर."

"मग तुमी खोपोलीला कामाला गेलात की आमी काय उघड्यावर बसतो?"

आई आतून हसली. मला हसू आलं नाही. मी बायकोला समजावू लागलो, की घरटी एक आवतण असलं आणि मी गेलो, तर आपलं घर येऊन गेलं असंच लोक म्हणतात. आहेरही घराच्या नावानं लागतो. मग त्या दिवसापुरता तरी मी घर होतो की नाही? ती म्हणाली, "ते मला नाय ठाव. पन सहा चुलींना लाकडं तुमी आना."

दुसऱ्या दिवशी मॅडमना प्रोग्रॅम दाखवला. त्या म्हणाल्या, "मोठ्यानं म्हणून बघा काका. माणूस हे एक घर आहे. पटतं का?"

"आमच्याकडे पटतं," मी म्हणालो, आणि आहेराचं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "तुम्ही घराच्या वतीनं जाता. तुम्ही घराचे आहात, घर नाही. घरात माणसं असतात, तेवढंच लिहा. आणि चूलबंद आवतण हे आवतणच आहे ना? घरटी एक हेही आवतणच. इनहेरिटन्स तिथं वापरा."

तसं केलं. 'आवतण' हा वरचा क्लास, त्यावरून बाकीचे दोन. घरात माणसांची यादी. चूल एक आली, पानंही बरोबर आली. पण आकडा बरोबर आला म्हणजे आपल्याला कळलं असं नसतं, आणि मला कळलं नव्हतं. परीक्षेपर्यंत मी तो प्रोग्रॅम जवळजवळ पाठ केला.

परीक्षा घ्यायला मुंबईच्या ऑफिसातून एक साहेब आले होते. त्यांनी प्रोग्रॅम पाहिला, आवतणांचे प्रकार विचारले आणि त्यांना गंमतही वाटली. मग म्हणाले, "वरच्या क्लासमध्ये आहेर चालेल असं लिहिलंय. ही सगळी आवतणं करून झाल्यावर तिथं आहेर नको असं बदललं, तर आधीची आवतणं बदलतील?"

माझ्या डोळ्यांसमोर पत्रिका घेऊन आळीत फिरणारी माणसं आली. एकदा घरी जाऊन सांगितलं ते सांगितलं. बदलायचं तर पुन्हा दारोदार फिरायला हवं. पण स्वतःकडे नसलं की वरच्या क्लासकडे बघतो, हे मॅडमचं बोलणंही आठवत होतं. चुकलो तर गुजरात, एवढं एकच स्पष्ट होतं.

"माझ्या मते बदलू नयेत," मी म्हणालो, "पण मला खात्री नाही. चालवून बघू का?"

"बघा."

चालवलं. सगळी आवतणं बदलली. फक्त एक तसंच राहिलं. त्यात मी आहेराचं वेगळं लिहिलं होतं. ते का राहिलं असं साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "त्याच्याजवळ स्वतःचं होतं म्हणून ते वर बघायला गेलं नाही, असं दिसतंय. पण बाकीची का बदलली हे माझ्या मनाला अजून पटत नाही." ते हसले नाहीत. काही लिहून घेतलं आणि पुढच्याला बोलावलं.

निकाल आमच्या साहेबांनी केबिनमध्ये सांगितला. मी खोपोलीतच राहणार होतो. आभार मानून झाल्यावर मी विचारलं, "त्या आहेराच्या प्रश्नाचं माझं उत्तर बरोबर धरलं का?"

"तुम्ही उत्तर दिलं होतं?" ते म्हणाले. "मुंबईच्या साहेबांनी तर तुमच्याबद्दल लिहिलंय, माहीत नसेल तिथं तपासून बघतो."

यात मी पास कशात झालो ते मला समजलं नाही. घरी आलो. बायको दारातच उभी होती.

"राहिलो," मी म्हणालो.

ती आत गेली, आईला सांगितलं, आणि मग कितीतरी वेळ दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. चहा घेऊन बाहेर आली तेव्हा म्हणाली, "मग असं तोंड करून का बसलाय?"

"ती आवतणं बदलली कशी?"

"कुनाची आवतणं?"

मी सांगायला सुरुवात केली. चहा संपेपर्यंत तिनं ऐकून घेतलं.