देवाकडे पाठ

माझा छोटा डिजिटल कॅमेरा पाहणाऱ्याला खेळणे वाटतो. त्याचा भिंगाचा भाग पडद्यापासून सुटा असून मागेपुढे कसाही फिरतो. जिल्ह्यात उघड्यावर असलेल्या पाषाणमूर्ती ऊनपावसाने झिजत चालल्या आहेत, म्हणून मी याने त्यांची छायाचित्रे घेत हिंडतो.

दवनीवाड्याच्या वाटेवर, धानाच्या बांधीलगत मोहाखाली एक पूर्वाभिमुख विष्णुमूर्ती आहे. शेजारच्या घरातील वृद्धा रोज तिला पाणी घालते, फूल वाहते. यंदा दिवाळीनंतर तिची नवी सून मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढताना मला दिसली. देवाला पाठ दाखवू नये, निघतानाही मागे सरतच निघावे, हे मी आजन्म पाळत आलो. मी तिथेच, सासूदेखत, तिला कठोर शब्दांत सुनावले. वर एक श्लोकही ऐकवला. मोबाइल पदराआड लपवून ती घरात गेली.

परवा सकाळी पुन्हा गेलो. ऊन मूर्तीच्या मुखावर नेमके पडले होते. पण तेच माझ्या पाठीमागून पडद्यावर येई आणि काही दिसेना. मी वळलो. भिंग मागे फिरवून कॅमेरा खांद्याच्या बाजूला धरला. पडदा सावलीत आला. शंखाची वळणे, किरीटावरची नक्षी, ओठांच्या कोपऱ्यातले स्मित, सारे उमटले. मी हरखून टिपतच राहिलो.

“महाराज, देवाले पाठ करून काऊन उभे जी?”

वृद्धा कळशी घेऊन उभी होती. मी ओशाळून म्हणालो, “पडद्यावर ऊन येत होतं.”

“मंग देवालेच सांगाचं होतं, तिकडे तोंड कर म्हून!” ती हसली आणि थांबली. “तवापासून सून इकडे येत नाही जी. तिच्या मायले देव दाखवाचा होता म्हने, आन् आपन कशी आहो तेबी.”

मी तिच्या दाराशी गेलो. “मुली, माझं चुकलं. चल, मीच तुझा फोटो काढतो.”

ती आली, पण मूर्तीकडे तोंड करून, हात जोडून उभी राहिली.

“इकडे वळ.”

“नको जी, देवाले पाठ होते.”

मी परोपरीने विनवले. भीती घालताना श्लोक चटकन सुचला होता. तीच भीती काढायला एकही आठवेना. बाजूने टिपू पाहिले, तर माझ्यासमोर संकोचून तिने पदर पुढे ओढलेला. शेवटी पाठमोरीच टिपली. माझ्या पडद्याचाच मोबाइलने फोटो घेऊन तिने तो आईला पाठवला.

लगेच फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, “देव दिसला वो बाई, पन तू कोठी आहेस?”

माझ्याकडे न पाहता तिने फोन कानाशी घट्ट दाबला.