भिशीतून घेतलेली लस बघायला कोणी आलं नाही

मैत्रिणींनो, संध्याकाळपासून घरात नुसती बसून आहे. कोणाला तरी सांगावं म्हणून इथं लिहून राह्यले.

आमच्या बोथ गावात, गल्लीतल्या बायकांची भिशी आहे. जिची भिशी लागते तिनं काहीतरी घ्यायचं आणि बाकीच्यांनी तिच्याकडे चहाला जाऊन ते बघायचं, अशी आमची रीत. फ्रिज बघितला, पैंजण बघितले. शिलाई मशीनवर तर प्रत्येकीनं एकेक टीप मारून बघितली.

यावेळी माझी लागली. मी काल पोरीला आदिलाबादला नेलं आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस दिली. माझी आई त्याच दुखण्यानं गेली.

आज सकाळी नळावर सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काऊन वं, पोरीले काही झालं का?"

दुसरी म्हणाली, "एवढ्यात कानातले झाले असते. असली सुई घेतली म्हणून उद्या सोयरे काय म्हणतीन?"

"चहाले तर या, सगळं सांगते," मी म्हटलं.

दुपारी मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. दोनदा गरम केला. कोणीच आलं नाही.

शेवटी पोरगीच पाहुणीसारखी समोर बसली. कप उचलला, बाही वर केली आणि म्हणाली, "घे आई, पाह्य."

दंडावर काहीच दिसत नव्हतं. तरी मी किती वेळ बघत राहिले.

खरं सांगा, तुमी आल्या असत्या का?